गोधडीची पट्टी, लाटणं आणि दोन पेन्सिली: नवशिक्यांची पहिली पिशवी

मशीनमध्ये दोरा ओवता येतो, सरळ टीप मारता येते आणि आता काहीतरी पूर्ण शिवून बघायचंय, अशा टप्प्यावर असाल तर हा लेख तुमच्यासाठी. आपण बाहेरून एक खिसा असलेली नाडीची पिशवी शिवणार आहोत. पिशवी साधीच आहे. पण ती शिवताना मापणं, खुणा करणं, कापणं, धरून ठेवणं, टीप, इस्त्री, उलटवणं, ओवणं ही सगळी मूळ कामं एकदा हाताखालून जातात. त्या प्रत्येक कामाला गोधडीच्या सामानातली किंवा घरातली एखादी वस्तू कशी लावायची, ते मी वाटेत सांगत जाईन.

नवीन शिकणाऱ्यांना सामानाची लांबलचक यादी मिळते आणि निम्मा उत्साह तिथेच संपतो. माझा अनुभव असा की वस्तूचं नाव बाजूला ठेवून हाताला आत्ता कुठलं काम हवंय ते विचारलं, की यादीतल्या बऱ्याच गोष्टी घरातच सापडतात. गोधडीवाल्यांचा लाडका रोटरी कटरच, म्हणजे फिरत्या गोल पात्याची सुरी, घ्या. ओल्फा या जपानी कंपनीनं १९७९ मध्ये तो आणला तेव्हा तो कपडे शिवणाऱ्यांसाठी होता. गोधडी करणाऱ्यांनी तो उचलला आणि आता तो त्यांचाच समजला जातो. मास्किंग टेप १९२५ मध्ये रिचर्ड ड्रू यांनी तयार केली ती मोटारींच्या रंगकामासाठी. आज ती माझ्या मशीनच्या शेजारी कायम पडलेली असते.

दोन नियम मात्र आधी. कुठलीही युक्ती पहिल्यांदा त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर करून बघायची. आणि स्वयंपाकघरातून आणलेली जी वस्तू गोंदाला, खडूला किंवा टाचण्यांना लागली, ती परत स्वयंपाकघरात न्यायची नाही. शिवणाच्या डब्यात तिची कायमची जागा करा.

मापं

मध्यम जाडीचं सुती कापड घ्या, धुऊन इस्त्री केलेलं. आधी धुतलं नाही तर पिशवी पहिल्या धुण्यात आटेल आणि टिपेच्या कडेनं सुरकुत्या पडतील.

तयार पिशवी २५ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच होईल. त्यासाठी २७ × ३५ सेंमीचे दोन तुकडे लागतील. रुंदीत दोन्ही बाजूंना १ सेंमी माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडायचं जादा कापड, धरली आहे. उंचीत खाली १ सेंमी माया आणि वर नाडी ओवायच्या नेफ्यासाठी ४ सेंमी. खिशाला १४ × १६ सेंमीचा एक तुकडा. नाड्यांसाठी ४ सेंमी रुंद आणि ७७ सेंमी लांब अशा दोन पट्ट्या, उभ्या धाग्यावर कापलेल्या, म्हणजे त्या ताणणार नाहीत. मशीनला ८०/१२ नंबरची सुई लावा, टाका २.५ मिमीचा ठेवा.

खुणा आणि कापणं

क्विल्टिंगची, म्हणजे गोधडीकामाची, पारदर्शक ॲक्रिलिक पट्टी तुमच्याकडे असेल, किंवा कुणाकडून मागून आणता येत असेल, तर ती गोधडीपुरती ठेवू नका. कपडे शिवताना मला तिचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. आरपार दिसत असल्यामुळे पट्टीवरची एखादी रेघ कापडाच्या किनारीवर ठेवली की दुसरी कड आपोआप समांतर येते. तिच्यावर ३०, ४५ आणि ६० अंशांच्या रेघा असतात. ४५ अंशाची रेघ किनारीवर धरली की उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, पट्टीची दिशा मिळाली, मापाची खटपट नाही. बटणांमधलं अंतर, प्लेट्सच्या खुणा, बाहीची दुमड हे सगळं तिच्यावर होतं.

तिची एक खोड आहे, ती कापडावर सरकते. पॉलिश पेपरचे नखाएवढे तुकडे खरखरीत बाजू बाहेर ठेवून पट्टीच्या खाली चार कोपऱ्यांवर चिकटवा. पट्टी जागची हलत नाही. पॉलिश पेपरचा अख्खा कागद दुसऱ्या कामाला येतो. बारीक दाण्याचा कागद खरखरीत बाजू वर करून टेबलावर ठेवा, त्यावर कापड पसरा आणि खुणा करा. पातळ, निसटतं कापड खडूबरोबर ओढलं जाणं थांबतं. कापताना मात्र तो कागद काढून घ्या. रोटरी कटरचं पातं त्यावरून गेलं की धार गेलीच.

खूण कशानं करायची? अंगाच्या साबणाची झिजून पातळ झालेली, नीट वाळलेली चिपटी गडद रंगाच्या कापडावर सुरेख रेघ काढते आणि धुण्यात निघून जाते. फक्त तो क्रीमयुक्त साबण नको. मी एकदा तसाच साबण गडद निळ्या कापडावर वापरला आणि वरून इस्त्री फिरवली. तेलकट रेघ दोन धुणी पुरली. फिकट कापडावर न रंगणारी खूण हवी असेल तर क्विल्टिंगचा हेरा मार्कर घ्या. तो म्हणजे बोथट धारेची पट्टीच असते, दाबून ओढली की कापडावर चकाकती घडी उमटते. हेरा नसेल तर टेबलावरच्या बोथट सुरीची पाठ तेच काम करते. शाई नाही, डाग नाही, आणि रेघ चुकली तर पाण्याचा हात लावून इस्त्री केली की गेली.

उष्णतेनं पुसल्या जाणाऱ्या शाईच्या पेनाबद्दल सावध राहा. साधारण ६० अंश सेल्सिअसला ती शाई अदृश्य होते, पण कापडातून जात नाही. कडक थंडीत, शून्याच्या बरंच खाली, रेघ परत दिसू शकते. मायेच्या आत, जिथे कुणी बघणार नाही, तिथेच मी ते पेन वापरते.

आता एक युक्ती सविस्तर सांगते, कारण ती पुढे कायम उपयोगी पडेल. साच्यावर माया दाखवलेली नसेल, तर त्याच्याभोवती ती सगळीकडे सारखी कशी वाढवायची? टोक केलेल्या दोन साध्या पेन्सिली शेजारीशेजारी धरा, टोकं एका पातळीत आणा, वर आणि खाली एकेक रबरबँड घट्ट गुंडाळा. दोन टोकांमधलं अंतर साधारण ७ मिमी होतं. गोधडीत पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी माया सोडतात, तिच्या अगदी जवळचं. आपल्याला १ सेंमी हवाय, म्हणून दोन्ही पेन्सिलींच्या मध्ये ३ मिमी जाडीची पुठ्ठ्याची घडी घाला आणि मग बांधा. कागदावर रेघ मारून पट्टीनं मोजा, कमी-जास्त असेल तर घडी बदला. आता एक टोक साच्याच्या कडेनं चालवा, दुसरं टोक मायेची रेघ काढत जाईल. गोलाईवर जोडी एकाच दिशेला धरून ठेवायची नाही. दोन्ही टोकं कडेला काटकोनात राहतील अशी ती वळवत न्यायची, नाहीतर वळणावर माया अरुंद होते.

कापताना साच्याला टाचण्या टोचण्यापेक्षा वजनं ठेवा. टाचणीनं कापड किंचित उचललं जातं आणि तिथे काप वाकडा जातो. मोठे लोखंडी वॉशर, भरलेले छोटे डबे, जड कप, काहीही चालतं. रोटरी कटर वापरत असाल तर खाली कटिंग मॅट हवीच, आणि प्रत्येक कापानंतर पातं झाकायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. बोटं पट्टीच्या कडेपासून आत ठेवा, काप अंगापासून दूर न्या. नेहमीचं पातं ४५ मिमीचं असतं. त्याची धार कापडासाठी कमी पडायला लागली की टाकून देऊ नका, कागदी साचे कापायला ते बराच काळ पुरतं.

पिशवीचे खालचे कोपरे गोल करायचेत. सुमारे ८ सेंमी व्यासाची वाटी किंवा झाकण कोपऱ्यात असं ठेवा की ते दोन्ही कडांना टेकेल. कडेनं रेघ काढा, कापा. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून एकदमच कापलेत तर गोलाई जुळेल.

खिसा: पुठ्ठ्याचा साचा आणि चिकटकांडी

नवशिक्यांचा खिसा ओळखू येतो तो खालच्या कोपऱ्यांवरून. एक गोल, दुसरा टोकदार. यावर उपाय पुठ्ठ्याचा आहे.

जुन्या खोक्याचा पातळ पुठ्ठा घ्या, १२ × १३ सेंमीचा कापा आणि खालचे दोन कोपरे छोट्या झाकणानं गोल करा. पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा चकचकीत थर नको, इस्त्रीखाली तो वितळतो. खिशाच्या कापडाचा वरचा काठ उलट बाजूला आधी १ सेंमी, मग पुन्हा १ सेंमी दुमडून टीप मारा. आता खालच्या दोन्ही कोपऱ्यांभोवती, कडेपासून ५ मिमी आत, हातानं लहान लहान धावदोरा घाला आणि दोऱ्याची टोकं मोकळी सोडा. पुठ्ठा उलट बाजूवर मधोमध ठेवा, वरच्या काठाला वर टेकवून. दोरा ओढला की गोलाईवरची माया चुण्या पडून पुठ्ठ्याला बिलगते. इस्त्रीचं टोक कडेकडेनं फिरवा, बाजू आणि तळही दुमडून दाबा. थंड झाल्यावरच पुठ्ठा बाहेर काढा. गरम असताना काढलात तर घडी सैल पडते. दोन्ही कोपरे एकसारखे आलेले बघून पहिल्यांदा मला जो आनंद झाला, तो अजून आठवतो.

खिसा पिशवीच्या एका तुकड्याच्या सुलट बाजूवर लावायचाय. तुकडा उभा दुमडून नखानं मध्यरेषा उमटवा. खिशाचा तळ खालच्या कच्च्या कडेपासून ८ सेंमी वर ठेवा. टाचण्या लावल्या की खिसा थोडासा फुगतो आणि टीप मारताना सरकतो. त्यापेक्षा मुलांची पाण्यात विरघळणारी चिकटकांडी घ्या, खिशाच्या दुमडलेल्या मायेवर पातळ हात फिरवा, जागेवर ठेवून कोरड्या इस्त्रीनं काही सेकंद दाबा. गोंद वाळला की शिवा. ओल्या गोंदातून सुई घातली तर सुई चिकट होते. धुतल्यावर गोंद निघून जातो. चेन लावताना हीच युक्ती टाचण्यांपेक्षा खूप सोपी पडते.

खिशाच्या तीन बाजूंना, कडेपासून २ मिमीवर टीप मारा. दुसरी समांतर टीप हवी असेल तर क्विल्टिंगच्या सामानात एक वाकडी सळई असते, मशीनच्या फूटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, मागच्या भोकात बसणारी, ती लावा. मूळ कामात ती गोधडीवर समांतर रेघा मारायला असते. इथे तिचं टोक पहिल्या टिपेवर चालवायचं, म्हणजे दुसरी टीप ठरलेल्या अंतरावरच पडते. पाव इंची फूट असेल तर त्याची कडही हेच काम करते.

धरून ठेवणं

दोन्ही तुकड्यांच्या दोन्ही बाजू आणि तळ, या कच्च्या कडांना आधी झिगझॅग मारून घ्या. मग सुलट बाजू आत ठेवून दोन्ही तुकडे जोडीला धरा.

सुती कापडाला टाचण्या उत्तम. पण रेक्झिन, जलरोधक कापड किंवा नकली चामडं शिवायची वेळ आली तर टाचणीचं प्रत्येक भोक कायमचं राहतं. तिथे क्विल्टिंगच्या क्लिपा, कपडे वाळत घालायचे चिमटे किंवा टक्कन मिटणाऱ्या केसांच्या क्लिपा वापरा. कागद धरायच्या काळ्या क्लिपांची पकड फार घट्ट असते, मऊ कापडावर त्या रात्रभर ठेवू नका, वळ उमटतो. गोधडीचे थर जोडायच्या वाकड्या सेफ्टी पिना जाड अस्तर लावताना फार कामाच्या. त्यांच्या वाकामुळे त्या कापड न उचलता खालून वर येतात. काही लावलं तरी सुईपाशी येण्याआधी ते काढायचं. टाचणीवरून शिवू नका. सुई टाचणीवर आपटून मोडली तर तुकडा कुठे उडेल, सांगता येत नाही.

सरळ टीप

सगळ्यात मोठी अडचण इथे येते. माया १ सेंमीवर सुरू होते आणि शेवटी ७ मिमी उरलेली असते. कारण नजर सुईवर असते. सुई जागच्या जागी वर-खाली होते, तिच्याकडे बघून दिशा कळत नाही. नजर कापडाच्या कडेवर हवी, आणि त्या कडेला टेकायला काहीतरी भिंत हवी.

ती भिंत अशी बांधा. फूट वर उचला, पारदर्शक पट्टी सुईखाली सरकवा, पट्टीची उजवी कड समोरून मागे अगदी सरळ ठेवा. हातचाक स्वतःकडे फिरवत सुई हळूहळू खाली आणा, उजव्या कडेपासून १ सेंमीच्या रेघेवर तिचं टोक जेमतेम टेकेपर्यंत. दाबू नका, सुई बोथट होईल. आता पट्टीच्या उजव्या कडेला लागून मशीनवर मास्किंग टेप चिकटवा आणि मग पट्टी काढा. टेप सुईच्या पुढे, तुमच्या बाजूला, ५-६ सेंमी तरी येऊ द्या. त्यावरच आणखी पाच-सहा थर द्या, म्हणजे कापड टेकवायला उंची मिळेल. कापड ओढणाऱ्या दात्यांवर टेप येऊ द्यायची नाही. बॉबिनचं झाकण टेपेखाली येत असेल तर त्या रेषेवर ती कापून घ्या.

चिकट चिठ्ठ्यांची पंधरा-वीस पानांची गड्डी हेच काम करते, आणि मशीनचा हात मोकळा असेल, म्हणजे खालून बाही घालता येईल असा, तर त्याभोवती एक जाड रबरबँड ताणून बसवला तरी पुरतं. रबरबँड मला पटकन काम उरकायचं असेल तेव्हा आवडतो, कारण माप बदललं की नुसता सरकवायचा. पण नवशिक्यांनी टेपच वापरावी, रबरबँडवर कापड जोरात टेकलं तर तो वाकतो.

आता पिशवी शिवा. एका बाजूला वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली खूण करा, तिथून टीप सुरू करा, दोन-तीन टाके मागे घेऊन पक्की करा, बाजू, गोल कोपरा, तळ, दुसरा कोपरा असं करत दुसऱ्या बाजूला वरून ८ सेंमी राहिले की थांबा आणि पुन्हा पक्की करा. वरचे ८-८ सेंमी मोकळे ठेवायचे, तिथून नाडी बाहेर येणार आहे. गोलाईवर वेग कमी करा. गरज पडली तर सुई खाली रोवून, फूट उचलून कापड किंचित वळवा.

शिवताना वरचा थर पुढे सरकून शेवटी लांब उरतो का? मशीनचे दाते खालचा थर ओढतात आणि वरचा फूटखाली घासतो, म्हणून तसं होतं. गोधडीसाठीचं वॉकिंग फूट यावरच केलेलं असतं, त्याला वरच्या थरासाठी स्वतःचे दाते असतात. मखमल, ताणणारं होजिअरी कापड, नकली चामडं आणि विशेषतः चौकटी जुळवायचं कापड शिवताना ते काढून बघा, फरक लगेच कळेल. बऱ्याच वॉकिंग फूटवर उलटी टीप नीट बसत नाही, म्हणून दोऱ्याची टोकं हातानं गाठवा. हे फूट नसेल तर चिमटे जवळजवळ लावा आणि दोन थरांपैकी जो किंचित लांब आहे तो खाली ठेवा. दाते त्याला थोडं सामावून घेतात.

काही छोट्या अडचणी, पटापट. नकली चामडं फूटला चिकटत असेल तर फूटच्या तळाला सेलोटेप लावा आणि सुईच्या भोकाची जागा मोकळी कापा. पातळ कापड दात्यांत खेचलं जात असेल तर खाली पातळ कोरा कागद ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. जीन्सच्या जाड शिलाईवर सुई अडत असेल तर कोरड्या साबणाची वडी तिथे घासा आणि १००/१६ ची सुई लावा. जाड जागेपाशी फूट मागे कलतं आणि टाके बारीक होऊन साठतात, तेव्हा जीन्सच्याच तुकड्याची तेवढ्या जाडीची घडी फूटच्या मागच्या भागाखाली सरकवा. फूट सपाट झालं की मशीन पुढे चालतं. चुण्या घालताना दोरा तुटत असेल तर दात साफ करायचा धागा कापडावर ठेवून त्याच्यावरून रुंद झिगझॅग मारा, धाग्याला सुई लागू न देता. मग तो ओढा. तो तुटत नाही, चुण्या सारख्या पडतात, काम झालं की सरळ निघून येतो.

इस्त्री

शिवून झालं की टीप बंद असतानाच आधी एकदा इस्त्री करा, मग माया उघडून दोन्ही बाजूंना पसरवा. गोल कोपऱ्यांवर माया ५ मिमी ठेवून बाकीची कापून टाका, नाहीतर उलटवल्यावर तिथे गोळा होतो.

बाजूची माया उघडून इस्त्री करताना तिच्या कडांचे वळ सुलट बाजूला उमटतात. शिंपी यासाठी गोल उशी वापरतात. आपल्याला लाटणं चालेल. त्यावर जुन्या सुती कापडाचे दोन-तीन थर घट्ट गुंडाळून टोकं शिवून टाका, पिशवीच्या आत घाला आणि शिलाई त्याच्या कण्यावर ठेवा. गोलाईमुळे इस्त्री फक्त टिपेला लागते, मायेच्या कडा खाली लोंबत राहतात. लाटणं द्यायचं नसेल तर जुनं मासिक घट्ट गुंडाळून, दोऱ्यानं बांधून, त्यावर कापड चढवा. मुंढा आणि छातीची गोलाई दाबायला हात पुसायच्या टॉवेलचा घट्ट गोळा पुरतो.

घडी कडक बसत नसेल तर पॉलिश नसलेला गुळगुळीत लाकडी ठोकळा घ्या. वाफेची इस्त्री दिली की ती उचलून लगेच ठोकळा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. लाकूड वाफ धरून ठेवतं, घडी दाबाखालीच थंड होते आणि तशीच राहते. जाड सुती आणि लोकरीच्या कापडावर याचा फरक स्पष्ट दिसतो.

वर मोकळे ठेवलेले ८-८ सेंमी शिलाईच्याच रेषेत १ सेंमी आत दुमडा, इस्त्री करा, आणि त्या फटीभोवती इंग्रजी यू अक्षरासारखी, कडेपासून ७ मिमीवर टीप मारा. मग दोन्ही तुकड्यांचा वरचा काठ वेगवेगळा, आधी १ सेंमी आणि मग ३ सेंमी आत दुमडून, खालच्या घडीच्या अगदी कडेनं शिवा. हा नेफा झाला, समोरचा एक आणि मागचा एक.

नाडी

चार सेंमीची पट्टी एकसारखी दुमडायला यंत्र मिळतं, पण एक लांब टाचणी पुरते. इस्त्रीच्या टेबलाच्या कापडात टाचणी आत घाला, बरोबर २ सेंमी अंतर उघडं सोडून पुन्हा आत खुपसा. म्हणजे २ सेंमीचा पूल तयार झाला. पट्टीचे दोन्ही काठ मध्याकडे दुमडून सुरुवातीचं टोक पुलाखालून ओढा. इस्त्री पुलाच्या लगेच पुढे टेकवून ठेवा आणि पट्टी तिच्याखालून हळू ओढत राहा. पट्टी स्वतःच दुमडत बाहेर येते. टाचणीला प्लॅस्टिकचं डोकं नको, वितळेल. काचेचं किंवा धातूचं घ्या. बोटं वाफेपासून लांब ठेवा. पट्टीची दोन्ही टोकं १ सेंमी आत घाला, मग ती पुन्हा मधोमध दुमडा, १ सेंमीची पट्टी झाली, कडेनं टीप मारा. दोन्ही नाड्या अशाच.

पिशवी सुलट करा. कोपरे बाहेर ढकलायला कात्रीचं टोक वापरू नका. माझी एक चांगली पिशवी त्यातच फाटली. विणकामाची जाड, बोथट सुई किंवा जेवणाची लाकडी काडी (चॉपस्टिक) घ्या आणि आतून गोलाईवरून घासत फिरवा.

ओवायला सेफ्टी पिन सगळेच वापरतात. पिन सरळ घ्या, क्विल्टिंगची वाकडी पिन नेफ्यात अडते, आणि तिच्या टोपीवर सेलोटेपचा एक वेढा द्या, म्हणजे ती आत उघडणार नाही. मला स्ट्रॉ जास्त आवडतो. जाडसर स्ट्रॉच्या टोकात नाडीचं टोक चुरगळून घाला, बाहेरून टेपेनं पक्कं बांधा. लांब आणि कडक असल्यामुळे स्ट्रॉ नेफ्यात सरळ चालतो, आणि त्याचं टोक कुठवर आलंय ते बोटांना बाहेरून कळतं.

पहिली नाडी उजव्या फटीतून समोरच्या नेफ्यात घाला, डावीकडून बाहेर काढून मागच्या नेफ्यात न्या आणि उजवीकडेच परत आणा. दोन्ही टोकांना मिळून गाठ मारा. दुसरी नाडी डावीकडून तशीच. दोन्ही गाठी एकाच वेळी बाहेर ओढल्या की तोंड मिटतं.

ओवताना फटीपाशी, नेफ्याच्या तोंडाशीच काही अडलं तर जोर लावू नका. आत दुमडलेल्या मायेची मोकळी कड तिथे असते आणि स्ट्रॉचं टोक तिच्याखाली शिरतं. स्ट्रॉ दोन बोटं मागे घ्या, बोथट काडी नेफ्यात घालून ती कड बाजूच्या भिंतीला दाबून धरा, आणि स्ट्रॉ काडीच्या वरून सरकवा.